लागरचं यीस्ट पुन्हा वापरताना: आधी मोजा, मग ओता

प्रश्न विचारणारे नागपुरातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत नुकतेच लागले आहेत. मोठ्या टाकीला हात घालण्याआधी वीस लिटरच्या घरगुती किटवर ते चाचणी बॅच काढतात. डब्ल्यू-३४/७० या कोरड्या यीस्टचं एक पाकीट टाकून पहिली लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, केली, छान झाली. तळाशी बसलेलं यीस्ट काढून दुसरी केली, तीही निभावली. तिसरीच्या आधी ते यीस्ट अडीच आठवडे फ्रिजमध्ये पडून होतं. १.०४८ घनतेवर (पाणी १.०००, साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) सुरू झालेली ही तिसरी बॅच बारा दिवसांनी १.०२० वर अडकली आहे आणि तिला बटरसारखा वास येतो आहे. त्यांचे तीन प्रश्न आहेत: यीस्ट बदलू का, बदललं तर कोणतं घेऊ, आणि एकच यीस्ट किती वेळा चालतं?

मी वीसेक वर्षं ब्रुअरीच्या फर्मेंटेशन विभागात काढली. आता नागपुरात राहतो आणि छोट्या प्लांटवाल्यांना मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं यीस्ट चुकलेलं नाही. डब्ल्यू-३४/७० हे म्युनिकजवळच्या वाइहेनस्टेफानचं वाण आहे आणि लागरसाठी जगभर सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या वाणांपैकी एक आहे. तुम्ही टाकलं ते कमी होतं, त्यातलं बरंचसं मेलेलं होतं आणि उरलेलं उपाशी होतं. दुसरं कोणतंही पाकीट आणून असंच वागवलंत तर तिसऱ्या बॅचला पुन्हा इथेच याल.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण हे उत्तर इतरही वाचतील. आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं केलं तरीही. शेजारचा वर्धा जिल्हा तर पूर्ण दारूबंदीचा आहे. तुम्ही परवान्याच्या छताखाली काम करता म्हणून मी मोकळेपणाने लिहितो आहे. बाकीच्यांनी हे शिकण्यापुरतं वाचावं.

आता मुळापासून. घरी विरजण कसं लावतात ते आठवा. उन्हाळ्यात अर्धा चमचा पुरतो, थंडीत दोन चमचे घालून पातेलं कणकेच्या डब्याशेजारी ठेवावं लागतं. लागरचं गणित तेच आहे, फक्त आपण मुद्दाम थंडीत विरजण लावतो. दहा-बारा अंशांवर पेशी सावकाश वाढतात, म्हणून सुरुवातीलाच जास्त पेशी द्याव्या लागतात. नेहमीचा हिशेब असा: एलला (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) दर मिलिलिटरमागे, दर अंश प्लेटोमागे (द्रवातल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी आणि लागरला त्याच्या दुप्पट, म्हणजे पंधरा लाख. तुमचा वर्ट, म्हणजे आंबण्याआधीचा माल्टचा गोड रस, १.०४८ चा, म्हणजे साधारण १२ प्लेटो. वीस लिटरला ३६० अब्ज जिवंत पेशी लागतात. यातला ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

इथेच पहिली चूक सापडते, आणि ती तिसऱ्या नव्हे, पहिल्या बॅचमधली आहे. या यीस्टच्या उत्पादकाची शिफारस १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम आहे, म्हणजे वीस लिटरला १६ ते २४ ग्रॅम. एका पाकिटात साडेअकरा ग्रॅम येतं. तुम्हाला पहिल्याच दिवशी दोन पाकिटं हवी होती, आणि बारा अंशांच्या खाली आंबवायचं असेल तर त्याहून जास्त. पहिली बॅच छान झाली कारण ताजं कोरडं यीस्ट दणकट असतं, कमी असलं तरी ओढून नेतं. पण त्यासाठी त्याला जास्त वेळा विभागावं लागलं, आणि जी पिढी तुमच्या हाती आली ती सुरुवातीपासूनच थकलेली होती.

दुसरी चूक बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ऑक्सिजन. कोरडं यीस्ट सुकवण्याआधी कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेलं असतं. पेशीच्या आवरणाला लागणारं स्टेरॉल त्याच्याजवळ साठवलेलं असतं, म्हणून पहिल्या वेळी वर्टला हवा दिली नाही तरी भागतं, आणि पाकिटासोबतच्या सूचनांत तसंच सांगितलेलं असतं. पण पेशी एकीच्या दोन झाल्या की ती शिदोरी अर्धी-अर्धी वाटली जाते, चार झाल्या की पाव. तळातलं यीस्ट दुसऱ्या वर्टमध्ये टाकताना शिदोरी नव्याने भरायला ऑक्सिजन द्यावाच लागतो, दर लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम. पहिल्या वेळी लागला नाही म्हणून तुम्ही पुढेही दिला नसणार. दुसरी बॅच ताज्या यीस्टवर निभावली, तिसरीला शिदोरी संपली. वीस लिटरसाठी यंत्रसामग्री लागत नाही. थंड वर्ट बंद भांड्यात पाच मिनिटं जोरजोरात हलवा, किंवा उकळून घेतलेली रवी ड्रिलला लावून घुसळा. थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे हे काम वर्ट दहा अंशांवर आल्यावरच करा. आणि यीस्ट टाकण्याच्या वेळीच करा. आंबवण सुरू झाल्यावर हवा लागली तर नुकसान होतं.

तिसरी गोष्ट वय. तळातलं यीस्ट फ्रिजमध्ये निपचित पडलेलं दिसतं, पण ते आपल्या अंगातला साठा खात असतं. माझा नियम असा आहे: तीन दिवसांच्या आत वापरलं तर उत्तम, आठवड्यापर्यंत निर्धास्त, दहाव्या दिवसापासून मोजल्याशिवाय नाही, आणि दोन आठवडे उलटले की स्टार्टर करून, म्हणजे थोड्या वर्टमध्ये आधी वाढवून, जागं केल्याशिवाय अजिबात नाही. तुमचं अठरा दिवसांचं होतं.

हा नियम मी नुकसान सोसून शिकलो. एका प्लांटमध्ये मे महिन्यात रात्रभर वीज गेली. यीस्टची कॅन ज्या खोलीत होती ती सकाळपर्यंत तीस अंशांच्या वर गेली होती. झाकण उघडलं तेव्हा वास मटणाच्या रश्शासारखा होता. पेशी फुटून त्यांच्यातला ऐवज बाहेर आला की असाच वास येतो. बॅचची घाई होती, निम्म्या तरी जिवंत असतील असं धरून मी ते यीस्ट टाकलं. ती अख्खी टाकी गटारात सोडावी लागली. तेव्हापासून बरणी उघडल्यावर आधी वास घेतो. पावाच्या कणकेसारखा, किंचित सफरचंदासारखा वास आला तर ठीक. रस्सा, जळकं रबर, व्हिनेगर यांपैकी काहीही आलं तर फेकायचं, मग ते कितीही मोलाचं असो.

वास हा पहिला दरवाजा, पण खरं उत्तर मोजण्यात आहे, आणि हे तुम्ही या आठवड्यात करू शकता. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायची न्यूबाउर चेंबर असते ना, काचेची जाड पट्टी आणि त्यावर कोरलेल्या बारीक चौकटी? तीच लागते. सोबत ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक आणि मिथिलीन ब्लू. बरणी नीट हलवा, एक मिलिलिटर घ्या आणि उकळून गार केलेल्या पाण्यात हजारपट पातळ करा. हे दहा-दहाच्या तीन पायऱ्यांत करा, म्हणजे चूक कमी होते. मोजायच्या नमुन्यात थोडं निळं मिसळा आणि काही मिनिटं थांबा. मेलेली पेशी रंग बाहेर ढकलू शकत नाही, ती शाईच्या ठिपक्यासारखी निळी दिसते. जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक राहते, नुसती कड दिसते.

समजा मधल्या पंचवीस चौकटींत मिळून १२० पेशी दिसल्या. १२० गुणिले दहा हजार (चेंबरचा ठरलेला गुणक), गुणिले हजार (आपण पातळ केलं ते), म्हणजे मिलिलिटरला १.२ अब्ज. रंगासाठी नमुना आणखी पातळ झाला असेल तर तेवढ्याने पुन्हा गुणायचं. त्यातल्या २४ निळ्या असतील तर ८० टक्के जिवंत, म्हणजे कामाच्या पेशी ०.९६ अब्ज. ३६० भागिले ०.९६, म्हणजे ३७५ मिलिलिटर. चहाचे तीन-चार कप घट्ट यीस्ट! तुम्ही किती टाकलं होतं ते लिहिलेलं नाही, पण नवीन माणूस पेलाभर टाकतो आणि त्याला तेच खूप वाटतं. एक सावधगिरी: जिवंत पेशींचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली गेलं की मिथिलीन ब्लू परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवतं. त्यामुळे ७० टक्के दिसलं तर ते ५० सुद्धा असू शकतं. तिथे हिशेब करत बसू नका, नवीन पाकीट फोडा.

चेंबर मिळेपर्यंत ढोबळ मानाने चालायचं असेल तर आठवड्याच्या आतलं, घट्ट, दह्यासारखं यीस्ट वीस लिटरला ३५० ते ४०० मिलिलिटर घ्या. लागरमध्ये थोडं जास्त झालं तर फारसं बिघडत नाही, कमी झालं तर बिघडतं.

आता यीस्ट काढायचं कसं, कारण पुढची बॅच तिथेच ठरते. हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) तीन दिवस हललेला नाही आणि बटरचा वास गेलेला आहे, हे पाहिल्याशिवाय काढायला जाऊ नका. मग फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, दोन-तीन दिवस दोन-तीन अंशांवर ठेवा. बिअर काढून घेतल्यावर तळाशी तीन थर दिसतात. सगळ्यात खाली करडा-तपकिरी, त्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि प्रथिनांचा गाळ. सगळ्यात वर पातळ, दुधाळ, खाली बसायला नाखूश असलेल्या पेशी. मधला थर सायीसारखा, जाड, फिकट बदामी रंगाचा. आपल्याला तो हवा. वरचा पातळ थरच घेत राहिलात तर चार बॅचमध्ये तुमची लागर निवळेनाशी होते, कारण न बसणाऱ्या पेशींचीच तुम्ही निवड करत गेलेले असता. खालचा घेतलात तर दर वेळी गाळ वाढतो आणि मोजणीही फसते.

बरणी काचेची, रुंद तोंडाची. रिकामी बरणी आणि झाकण प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं वाफेवर ठेवा. कुकरच्या दाबाला तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि बीजाणूही टिकत नाहीत. यीस्ट भरल्यावर झाकण घट्ट पिळू नका, आत वायू तयार होत राहतो आणि घट्ट झाकणाची बरणी फुटू शकते. ठेवायचं एक ते चार अंशांवर, फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही. दार दिवसातून वीस वेळा उघडतं.

यीस्ट उकळलेल्या पाण्याने धुवून ठेवण्याची पद्धत तुम्ही वाचली असेल. मी धूत नाही. बिअरमध्ये अल्कोहोल आहे, आम्लता आहे, हॉप्स आहेत, आणि हे तिन्ही जंतूंना रोखतात. पाणी घातलं की तुम्ही ते संरक्षण काढून घेता. एका प्लांटमधला मदतनीस मला एकदा म्हणाला होता, “साहेब, घाण दिसते तर काहून नाही धूत?” त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: घाण काढायची तर योग्य थर उचलून काढा, पाण्याने नको. फॉस्फोरिक आम्लाने धुण्याची रीत वेगळी आहे, मोठ्या ब्रुअऱ्यांत चालते, पण तिला पीएच मीटर आणि सरावलेला हात लागतो. तुम्ही ती आत्ता करू नका.

किती वेळा वापरता येतं, याला एकच आकडा नाही. तुमच्या पातळीवर मी चार ते पाच म्हणेन. पण आकडा मोजण्यापेक्षा ते कोणत्या बिअरमधून आलंय ते बघा. १.०६० च्या वरची कडक बिअर, खूप हॉप्सची किंवा काळी बिअर, यातलं यीस्ट पुढे नेऊ नका. फिकट, हलक्या लागरपासून सुरुवात करून कडक बिअरवर साखळी संपवा, म्हणजे शेवटचं यीस्ट फेकताना जीव हळहळत नाही. आणि दर वेळी किती तासांत फेस आला ते वहीत लिहा. पहिल्यांदा वीस तास, मग चोवीस, मग अचानक चाळीस झाले तर पिढी कितवीही असो, थांबा.

वाण कोणतं, यावर कमी लिहितो, कारण लोक त्यावरच सगळा वेळ घालवतात. लागरचं यीस्ट हे संकरित आहे: एक पालक पाव-बिअरचं नेहमीचं यीस्ट, दुसरा थंडी सोसणारं जंगली यीस्ट, सॅकरोमायसीस युबायनस. हा दुसरा पालक २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. थंडीत काम करण्याचा गुण त्याच्याकडून आला. शुद्ध वाण एका पेशीपासून वाढवण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली, आणि कार्ल्सबर्गने ते यीस्ट इतरांनाही दिलं. आज आपण पाकीट फोडतो त्यामागे ते काम आहे. तुमच्यासाठी डब्ल्यू-३४/७० च ठेवा, ते बारा ते अठरा अंशांत चालतं, थोडी चूक पोटात घालतं. एस-१८९ ही स्वच्छ चवीचं आहे, डायमंड लागरही चांगलं. एस-२३ फळांच्या अंगाने जातं, मला पिल्सनरमध्ये (फिकट, कडवट लागर) ते नको वाटतं. बाटलीतलं द्रव यीस्ट मात्र नागपुरात उन्हाळ्यात मागवू नका. पार्सल शनिवार-रविवार गोदामात राहिलं तर तुमच्या हाती पडतं ते उकडलेलं असतं. कोरडं पाकीट हा प्रवास बऱ्यापैकी सोसतं.

थंडाव्याचं मात्र नागपूरकराला वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंश असतात म्हणून बाल्कनीत लागर लावणारे मला भेटतात. पण त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस होतात, आणि हे वर-खाली यीस्टला मुळीच मानवत नाही. कूलरही कामाचा नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो, पण लागरच्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, आणि पावसाळ्यात तर त्याचा उपयोगच उरत नाही. एक जुना सिंगल डोअर फ्रिज आणि त्याला डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर लावा. सेन्सर हवेत लटकवू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा बांधा. आंबवण जोरात असताना आतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो आणि हवेतला सेन्सर ते सांगत नाही. वीज जाते त्या वेळेसाठी फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या कायम असू द्या.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल असं असतं, त्याने वर्ट दहा अंशांवर येणं शक्यच नाही. बर्फाच्या पाण्याने वीस-बावीसपर्यंत आणा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी दहावर आल्यावर हवा देऊन यीस्ट टाका. कोमट वर्टमध्ये यीस्ट टाकून मग थंड करण्याचा शॉर्टकट घेऊ नका, बटरच्या वासाचं ते एक मोठं कारण आहे. आणि त्या खोलीत संत्र्यांची पेटी ठेवू नका. आंबिया बहाराच्या दिवसांत घराघरांत पेट्या असतात, मला माहीत आहे. पण पिकल्या सालीवर जंगली यीस्ट असतं आणि तिच्यावर घोंगावणारी चिलटं व्हिनेगरचे जंतू पायांना लावून फर्मेंटरपर्यंत आणतात.

राहता राहिली तुमची अडकलेली बॅच. बटरचा वास डायअसिटिलचा. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर सोडतं, बिअरमध्ये त्याचं आपोआप डायअसिटिल होतं, आणि निरोगी यीस्ट ते परत शोषून घेतं. तुमचं यीस्ट परत शोषण्याआधीच झोपलं. आधी ती बिअर चाखून बघा. आंबट लागली, किंवा वर दोरीसारखे तंतू दिसले तर ते पेडिओकोकस या जंतूचं काम असू शकतं. मग ती ओतून द्या आणि त्या बरणीतलं उरलेलं यीस्टही फेका. आंबट नसेल तर वाचण्याची शक्यता चांगली आहे. एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १०० ग्रॅम माल्ट अर्क विरघळवून त्यात नवीन पाकीट टाका. वर फेसाची टोपी आली, म्हणजे ते ऐन भरात आलं की अख्खं अडकलेल्या बिअरमध्ये ओता आणि फर्मेंटर १७-१८ अंशांवर न्या. या वेळी घुसळू नका, हवा द्यायची नाही. हायड्रोमीटर १.०१० च्या आसपास यायला हवा. आल्यावर दोन पेल्यांत नमुना घ्या. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग दोन्ही सारखे गार करून वास घ्या. तापवलेल्यात बटर आलं तर अजून दोन दिवस तसंच ठेवा आणि पुन्हा वास घ्या. दोन्ही सारखे लागले तर फ्रिज दोन अंशांवर लावा.